खुर्चीत माणूस हवा

नकाराच्या सरकारी पत्रात सहसा वाट दाखवलेली नसते. ‘आपली विनंती मान्य करता येत नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, एप्रिल २०२२ मध्ये उडीबहाद्दर वैमानिक ल्यूक एकिन्स यांना पाठवलेला नकार या बाबतीत वेगळा होता. दोन वैमानिकांनी हवेतच एकमेकांची विमाने बदलण्याच्या खेळाला परवानगी नाही, हे त्यात होतेच. पण पुढे तोडगाही होता. हाच खेळ नियमात राहून करता येईल. दोन्ही विमानांत एकेक जादा वैमानिक बसवा.

एवढेच. दोन विमाने, दोन जादा माणसे.

हे उत्तर आले शुक्रवारी, २२ तारखेला. रविवारी, २४ तारखेला, ॲरिझोनातल्या एलॉयजवळून दोन सेस्ना १८२ विमाने वर गेली. एकात एकिन्स, दुसऱ्यात त्यांचे नात्याने भाऊ अँडी फॅरिंग्टन. जादा माणूस कुठल्याच विमानात नव्हता. सुमारे १२,००० फुटांवर दोघांनी विमानांची नाके जमिनीकडे वळवली, दारातून बाहेर उड्या घेतल्या आणि एकमेकांच्या विमानाकडे झेपावले. एकिन्स पोचले, आत शिरले, विमान सावरून खाली उतरवले. फॅरिंग्टन यांच्या वाट्याचे विमान गिरक्या खाऊ लागले. त्यांनी त्याचा नाद सोडला, पॅराशूट उघडले आणि सुखरूप खाली आले. विमान एकटेच वाळवंटात आदळले. प्रायोजक रेड बुल. थेट प्रक्षेपण हुलूवर.

१० मे रोजी दोघांचेही वैमानिकाचे परवाने गेले. निलंबित झाले नाहीत, रद्दच झाले. वर्षभर नवा अर्ज करायचा नाही. शिवाय एकिन्स यांना ४,९३२ डॉलर दंडाचा प्रस्ताव.

तेव्हा बोलणे झाले ते धाडसाचे आणि बेफिकिरीचे. कोणी वाहवा केली, कोणी बोटे मोडली. फुटलेल्या विमानाचे फोटो फिरले. त्या शुक्रवारच्या उत्तरातली सूचना मात्र फारशी कोणाच्या तोंडी आली नाही. आम्ही तिथेच थांबणार आहोत.

आधी ज्या नियमातून सवलत मागितली होती तो नियम. त्याचा क्रमांक ९१.१०५. त्यात अवघड काही नाही. विमान उडताना, उतरताना आणि वाटेत असताना वैमानिकाने आपल्या जागेवर असावे आणि पट्टा बांधलेला असावा. वाटेत उठायला दोन कारणे चालतात. एक, विमानाच्याच कामासाठी. दुसरे, निसर्गाची हाक. म्हणजे नियम करणाऱ्याने लघुशंकेचासुद्धा विचार केला आहे. दारातून खाली उडी मारण्याचा विचार त्याने केला नसावा. तो करावा लागेल असे त्याला वाटण्याचे कारणही नव्हते.

आता त्या खुर्चीचे काम. विमान गिरकीत गेले तर काय करायचे, हे वैमानिकांना पढवलेले असते. थ्रॉटल मागे ओढायचा. पंखांच्या झडपा सरळ ठेवायच्या. गिरकी ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूच्या रडरवर पाय दाबायचा. दांडा पुढे ढकलायचा. गिरकी थांबली की पाय सैल करून विमान हळूच वर घ्यायचे. चार-पाच हालचाली. पण त्या करायला दोन हात आणि दोन पाय लागतात आणि ते विमानाच्या आत असावे लागतात. त्या दिवशी ते बाहेर होते, हवेत पसरलेले. आत होती स्वयंचलित यंत्रणा आणि पोटाखाली खास बसवलेला हवेचा ब्रेक. दोन्ही मोठ्या अभ्यासाने बनवलेली होती. एका विमानात ती चालली. दुसऱ्यात नाही.

आत कोणी असता तर विमान वाचलेच असते, असे छातीठोक सांगता येत नाही. पोटाखाली ब्रेक असलेले विमान शिकवणीतल्या विमानासारखे वागेलच असे नाही. पण प्रयत्न झाला असता. नाहीच जमले तर त्या माणसाच्या पाठीवरही पॅराशूट असते.

मग तो बसवला का नाही? खर्चाचा प्रश्न नव्हता. ज्यांनी दोन विमाने त्या एका दिवसासाठी बदलून घेतली, त्यांना दोन वैमानिक जड नव्हते. माणसांचा तुटवडाही नव्हता. पॅराशूट बांधून विमानात बसायला तयार असलेले वैमानिक अमेरिकेत शोधावे लागत नाहीत, आणि एलॉय तर पॅराशूटवाल्यांची पंढरी.

कारण दुसरीकडे आहे. आकाशात एका विमानातून दुसऱ्यात जाणे ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पहिले महायुद्ध संपता संपता ऑर्मर लॉकलियर नावाचा अमेरिकी वैमानिक चालत्या विमानाच्या पंखावरून दुसऱ्या विमानावर गेला. पुढे जत्रांमधून ते दाखवून त्याने नाव कमावले. १९२० साली सिनेमाच्या चित्रीकरणात विमान कोसळून तो गेला. त्याच्या त्या खेळात दोन्ही विमाने चालवायला माणसे होती. नसती तर दुसरे विमान पंखाजवळ आणले कोणी असते? वरून झेप घेऊन उडत्या विमानाच्या दारातून आत शिरणेही नवे नाही. फ्रेंच उडीबहाद्दर पॅट्रिक दे गयार्दों यांनी १९९७ मध्ये ज्या विमानातून उडी घेतली त्याच विमानात परत शिरून दाखवले. २०१७ मध्ये फ्रेड फ्यूजेन आणि व्हिन्स रेफे या जोडीने आल्प्समधल्या युंगफ्राऊच्या माथ्यावरून विंगसूट घालून उडी घेतली आणि खाली चाललेल्या पिलाटस पोर्टर विमानाच्या दारातून आत गेले. त्याही विमानात वैमानिक होता. त्यामुळे त्यांचे कौतुक कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

म्हणजे उडी जुनी, झेप जुनी, दारातून आत शिरणेही जुने. ॲरिझोनातल्या खेळात नवे काय होते? रिकामी खुर्ची. तेवढेच. एका विमानातून निघून दुसरे विमान उतरवणारा पहिला माणूस, अशी जाहिरात करायची तर ते दुसरे विमान उतरवायला आधीपासून कोणी बसलेला असून चालत नाही. एफएएने सुचवलेला जादा वैमानिक बसवला असता, तर कसब तेवढेच लागले असते. भाग तेवढाच कठीण राहिला असता. फक्त जाहिरातीची ओळ गेली असती.

सवलतीच्या अर्जात काय म्हटले होते ते या ठिकाणी आठवते. अशी सवलत मिळायची तर ती लोकहिताची असावी लागते. हा खेळ लोकहिताचा आहे, असे अर्जदाराचे म्हणणे होते, कारण त्यामुळे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांतून विमानविद्येला चालना मिळेल. एफएएला ते पटले नाही. आम्हालाही पटायला जड जाते. गणिताची गोडी लावायला चालकाविना कोसळते विमानच का लागावे, हे अर्जावरून कळत नाही. आणि लागत असेलच, तर आत एक माणूस बसल्याने त्यातले गणित कमी होते का?

इथवर हे कुठल्याही हौशी माणसाबद्दल म्हणता आले असते. एकिन्स हौशी नाहीत. २०१६ मध्ये त्यांच्या नावावर अठरा हजारांच्या घरात उड्या होत्या. त्यांची ओळख करून देताना तेव्हा सांगितले जायचे की अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचे ते सुरक्षा आणि प्रशिक्षण सल्लागार आहेत. हे पद कागदी शोभेचे नाही. उड्यांच्या मैदानावर नियम मोडणाऱ्याला बाजूला घेऊन ‘आजपासून तू खाली बस’ असे सांगण्याचे काम बहुतेक वेळा याच माणसाकडे असते. तिथल्या भाषेत ‘ग्राउंड करणे’.

आणि कशासाठी खाली बसवतात? त्या संघटनेचा नियम आहे की अनुभवी उडीबहाद्दरानेही जमिनीपासून २,५०० फुटांच्या आत मुख्य पॅराशूट उघडायचे राहू देऊ नये. पूर्वी ही हद्द २,००० होती, ती वाढवली. २,५०० फूट हे ऐकायला पुष्कळ वाटते. ताशी १२० मैलांनी खाली येणाऱ्या माणसाला ते अंतर कापायला १४ सेकंद लागतात. त्यात पॅराशूट उघडायला काही सेकंद जातात. ते नीट उघडले नाही तर कापून टाकायला काही जातात. मग राखीव उघडायचे. एखादा पठ्ठ्या मित्रांबरोबर हवेत हात धरून रमतो आणि १,८०० वर दोरी ओढतो. पॅराशूट झकास उघडते. तो झकास उतरतो. सामान गोळा करून हसत येतो, तर दारात सल्लागार उभा.

त्याचे म्हणणे ठरलेले असते. ‘झालं का काही?’

काही झालेले नसते. म्हणूनच तो हे विचारायला उभा असतो. तरी त्याला त्या दिवसापुरते, कधी पुढच्या शनिवार-रविवारपर्यंत, कधी महिनाभर खाली बसवतात. तो चिडतो, गाडीत सामान टाकतो, जाताना दोन शब्द ऐकवतो. अशी शेकडो माणसे शेकडो मैदानांवरून परत गेली आहेत. त्यांना परत पाठवणारे बहुतेक त्यांचे मित्रच असतात. संध्याकाळी एका टेबलाशी बसणारे. वर सरकार बघायला येत नाही. अमेरिकेत पॅराशूटने उडी मारणाऱ्याला सरकारी परवाना लागत नाही. परवाने आहेत ते संघटनेचे. हा सगळा व्यवहार चालतो तो एकमेकांच्या नजरेवर आणि ‘काही झालं नाही’ हे उत्तर न चालवून घेणाऱ्या त्या दारातल्या माणसावर.

त्यामुळे एप्रिलच्या त्या दोन दिवसांतली खरी बोचणारी गोष्ट फुटलेले विमान नाही. एकिन्स यांनी नंतर स्वतःच सांगितले की नकार आल्याचे त्यांना ईमेलने कळले होते, पुढे जायचा निर्णय त्यांचा एकट्याचा होता, आणि ही बातमी त्यांनी आपल्या चमूच्या कानावर घातली नाही. जबाबदारी पूर्ण आपली, असेही म्हणाले. ते सरळपणाने म्हणाले, हे नोंदवले पाहिजे. पण म्हणाले सगळे झाल्यावर. उडीपर्यंत ते पत्र त्यांच्यापाशीच राहिले.

आणि भोवती किती माणसे होती! कॅमेरेवाले, अभियंते, जमिनीवरचे मदतनीस. दुसऱ्या विमानात चढणारा भाऊ. उडीच्या मैदानावर विमानात चढण्याआधी शेजाऱ्याने शेजाऱ्याचे पट्टे तपासायची रीत आहे. आपल्या पाठीवरचे आपल्याला दिसत नाही म्हणून. त्या रविवारी पट्टे तपासले गेले असतीलच. पत्र कोणी तपासायला मागितले नाही आणि ज्याच्याकडे होते त्याने दाखवले नाही. फॅरिंग्टन यांचाही परवाना गेला. ठाऊक नव्हते, ही सबब तिथे उपयोगी पडली नाही. खुर्ची त्यांनीही सोडली होती.

एकिन्स यांची आणखी एक उडी इथे आठवल्याशिवाय राहत नाही. ३० जुलै २०१६. कॅलिफोर्नियात सिमी व्हॅलीजवळ त्यांनी २५,००० फुटांवरून पॅराशूटशिवाय उडी घेतली आणि खाली बांधलेल्या शंभर फूट लांब, शंभर फूट रुंद जाळ्यात अचूक पडले. ती उडी टीव्हीवर थेट दिसत होती, म्हणून कलाकारांच्या संघटनेने ऐन वेळी अट घातली. पाठीवर पॅराशूट हवेच. एकिन्स यांना ते मान्य नव्हते. पाठीवरचे ओझे घेऊन जाळ्यात पाठीवर पडणे अधिक धोक्याचे, असे त्यांचे म्हणणे. ते म्हणणे गैर नव्हते. तरीही ते पॅराशूट बांधून विमानात चढले. उडीच्या काही मिनिटे आधी वरच निरोप आला, अट उठली. तेव्हा त्यांनी ते उतरवून ठेवले आणि उडी मारली.

त्या दिवशी अट त्यांच्या मते चुकीची होती, तरी उठेपर्यंत पाळली. सहा वर्षांनी आलेली अट चुकीची होती असे त्यांनी आपल्या कबुलीत म्हटलेले नाही. फक्त ती उठली नव्हती.

जाता जाता रेड बुलबद्दल. परवाना वैमानिकाचा असतो. प्रायोजकाकडे परवाना नसतो, त्यामुळे त्याचा काढूनही घेता येत नाही. विमान गिरक्या खात पडल्याची दृश्ये जगभर पाहिली गेली आणि त्यावर चिन्ह कोणाचे होते हे सांगायला नको. ४,९३२ डॉलर ही रक्कम त्या चिन्हापुढे किती, हा हिशेब वाचकांनीच करावा.

काहींचे म्हणणे, वाळवंट होते, खाली वस्ती नव्हती, खरचटलेसुद्धा कोणाला नाही. मग एवढी मोठी शिक्षा का? १,८०० फुटांवर दोरी ओढून आलेला पठ्ठ्याही हेच म्हणत असतो. त्याला काय उत्तर द्यायचे ते एकिन्स यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. त्यांनी ते इतरांना अनेकदा दिलेले असेल.

रद्द झालेला परवाना मुदत संपली म्हणून परत हातात पडत नाही. वर्षानंतर दोघांना नव्याने अर्ज करायची मुभा होती. अर्ज त्याच एफएएकडे आणि परीक्षा पहिल्यापासून, खुर्चीत बसून.